काकाजींचं घर कोण चालवतं?

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

आयोजकांनी आजचा विषय दिला तो असा : 'उतारवयातलं साधं जगणं आणि रोजचे आनंद'. विषय गोड आहे. इतका गोड की आम्हाला जरा धास्तीच वाटली. कारण यावर बोलायला उभं राहिलं की माणूस पाच मिनिटांत उपदेशावर घसरतो. सकाळी फिरा, कमी खा, सुनेच्या स्वयंपाकघरात लक्ष घालू नका, अपेक्षा ठेवू नका, आनंदी राहा. हे सगळं तुमच्या फोनवर रोज पहाटे येतंच, खाली सूर्योदयाचं चित्र लावून. ते ऐकायला विरार फास्टच्या गर्दीतून मीरा रोडला उतरायची गरज नाही. म्हणून आज सल्ला नाही. आज आपण थोडी टीका करू. मराठी नाटकांनी आणि पुस्तकांनी म्हातारपणातल्या साधेपणाबद्दल, सुखाबद्दल आपल्याला काय शिकवून ठेवलंय, आणि ते शिक्षण आपल्याला कितपत उपयोगी पडतंय, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात 'नटसम्राट'पासून करावी लागते. त्याला इलाज नाही. शिरवाडकरांचं हे नाटक रंगभूमीवर आलं डिसेंबर 1970 मध्ये, गोवा हिंदू असोसिएशनकडून. डॉ. श्रीराम लागू अप्पासाहेब बेलवलकर झाले, शांता जोग कावेरी झाल्या. त्यानंतर किती नटांनी ती भूमिका केली, 2016 ला सिनेमाही आला. आणि दुसरं नाटक, जयवंत दळवींचं 'संध्याछाया'. नाना आणि नानी, एक मुलगा अमेरिकेत, एक सैन्यात. विजया मेहतांनी ते बसवलं आणि नानीही त्याच झाल्या. मराठी घरात 'म्हातारपण' हा शब्द उच्चारला की या दोन नाटकांची सावली पडल्याशिवाय राहत नाही. चाळीस-पन्नास वर्षं झाली तरी.

आता एक साधी गोष्ट बघा, जी आपण सहसा मोजत नाही. अप्पासाहेब पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले तेव्हा डॉ. लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. विजयाबाई नानी झाल्या तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या. दळवी तेव्हा पन्नाशीला पोचलेले नव्हते. शिरवाडकर त्यातल्या त्यात वडील, अठ्ठावन्नचे. म्हणजे मराठी माणसाच्या मनात म्हातारपणाचं जे चित्र कायमचं बसलं, ते मुख्यतः म्हातारपण अजून यायचं होतं अशा माणसांनी रंगवलेलं आहे. यात दोष काही नाही. लेखकानं आणि नटानं पुढचं बघायचंच असतं. पण लांबून बघताना जे दिसतं ते बहुतेक वेळा भय असतं. चाळिशीतल्या माणसाला सत्तरीचं भय वाटतं. सत्तरीतल्या माणसाला मात्र सत्तरीतली दुपार काढायची असते. ही दुपार या नाटकांत फारशी नाही.

'नटसम्राट'मध्ये अप्पासाहेब खरोखर खूश कधी असतात ते आठवून बघा. नातीबरोबर. आजोबा आणि नात यांचं गूळपीठ जमतं, तिला ते नाही नाही ते शिकवतात, दोघं हसतात. आणि नेमकी तिथंच घरात ठिणगी पडते. दुसरं सुख शेवटी, बूटपॉलिशवाल्या पोराच्या सोबतीत, पण तोवर सगळं हातचं गेलेलं आहे. म्हणजे रोजचा आनंद नाटकात आहे, नाही असं नाही. पण नाटक त्याचा उपयोग करतं तो पुढच्या पडझडीचं कारण म्हणून, नाहीतर पडझडीनंतरची मलमपट्टी म्हणून. आनंदाला स्वतःचा असा एक प्रवेशही मिळत नाही.

आणि कावेरीबाई? अप्पासाहेब त्यांना 'सरकार' म्हणतात, आणि प्रेक्षक दर वेळी गहिवरतो. पण या सरकारला स्वतःसाठी काय आवडत होतं? सकाळचा चहा कडक लागायचा की दुधाळ? मैत्रीण होती का कुणी? नाटक विचारत नाही. ती नवऱ्याला सावध करते, सांभाळते, आणि मरते. मोठ्या नाटकातली ही मोठी रिकामी जागा आहे, आणि ती पन्नास वर्षं आपल्याला टोचली नाही, याचं आम्हाला जास्त नवल वाटतं.

'संध्याछाया'चं जरा वेगळं. तिथं नाना-नानींची बारीकसारीक नोकझोक आहे, ती दळवींनी फार कौशल्यानं लिहिली आहे, प्रेक्षक खळखळून हसतो. पण त्या घरातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक पदार्थ, प्रत्येक आठवण अखेर मुलांच्या नावावर आहे. दोघांचं म्हणून काही उरलेलं नाही. शेवटी ती दोघं मिळून आयुष्य संपवतात आणि आपण रुमाल काढतो. त्या काळाकडे बघितलं तर हे कळतं. 1965 ला अमेरिकेनं कायदा बदलला, शिकलेल्या माणसांना दार उघडलं, आणि सत्तरच्या दशकात दादर-पार्ल्याच्या घराघरांतून पहिली पिढी तिकडे निघाली. पत्र यायला पंधरा दिवस, फोन लावायचा तर ट्रंक कॉल नोंदवून बसायचं. त्या पिढीच्या आईबापांचा धसका दळवींनी पकडला. आज नात रोज रात्री व्हिडिओवर दिसते, दात पडला तो दाखवते. एकटेपणा गेला असं आम्ही म्हणत नाही. पण तो वेगळा झालाय, आणि आपण अजून जुन्याच नाटकाचे अश्रू गाळतोय.

या दोन नाटकांमधून लोकांनी व्यवहाराला काय घेतलं म्हणाल, तर ताटाची आणि पाटाची ती म्हण. घर मुलांच्या नावावर करू नका. कोणत्याही ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर जा, अर्ध्या तासात निघतेच. सल्ला चुकीचा नाही, कायद्यानंही तो पुढे थोडाफार उचलला. 2007 च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे : सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर देणाऱ्याला ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. मात्र ती अट नीट असावी लागते; नुसतं 'बाळा, घे' म्हणून दिलं तर अडचण होते. त्याच कायद्यात निर्वाहभत्त्याला महिना दहा हजारांची कमाल मर्यादा आहे. हे सगळं माहीत असावं. पण घर राखलं, पाट राखला. त्या पाटावर बसून काय करायचं? याचं उत्तर अप्पासाहेबांकडे नाही, नानांकडेही नाही.

ज्यांच्याकडे आहे असं आपण मानतो ते म्हणजे काकाजी. पु. लं.चं 'तुझे आहे तुजपाशी', 1957 चं. इंदूरचे काकाजी देवासकर, जुन्या संस्थानी वळणाचे, शिकार, गाणं, खाणं, पान, हिंदीत घोळलेली ती माळव्याची मराठी. दाजी भाटवडेकरांचे काकाजी ज्यांनी पाहिले ते अजून सांगत बसतात. आणि त्याच घरात पाहुणे म्हणून आलेले आचार्य पोफळे गुरुजी, संयम, व्रत, खादी, उपदेश. घरातला तरुण श्याम आचार्यांच्या नादाला लागतो. तिथं गीता आहे, आचार्यांची शिष्या. पुढे तरुण मुलं आपापल्या वयाकडे परत येतात आणि आचार्यांच्या आत कोंडलेला माणूस शेवटी बाहेर पडतो. नाटकाचा कौल स्पष्ट आहे : जे आहे ते मजेत भोगा, लाकडासारखे होऊ नका.

प्रेक्षागृहात आपण सगळे काकाजींच्या पक्षात असतो. आम्हीही असतो. पण नाटक संपल्यावर घरी येताना एक प्रश्न डोक्यात राहतो. काकाजींचं घर कोण चालवतं?

हा प्रश्न खवचटपणे विचारलेला नाही. काकाजींचा आनंद साधा आहे असं आपण म्हणतो. एखादं पान, एखादी ठुमरी, बागेतला गारवा. पण त्या साधेपणाच्या मागे बाग राखणारा भिकू माळी आहे, नोकरचाकर आहेत, पिढीजात घर आहे, महिन्याच्या एक तारखेची चिंता नाही. आणि गंमत बघा, आचार्यही त्याच घरात जेवतात! काकाजींचा भोग आणि आचार्यांचा त्याग, दोन्ही एकाच स्वयंपाकघरातून वाढले जातात. पथ्याचं जेवण करणाऱ्याला तर कधीकधी जास्तच काम पडतं; ज्यांच्या घरात कुणी सात्त्विक मंडळी आहेत त्यांना सांगायला नको. (हशा) नाटकातला वाद आहे 'कसं जगावं' याचा. चूल कुणी पेटवावी हा वाद तिथं उभाच राहत नाही. पुलं तेव्हा चाळिशीच्या आतले होते, त्यांना आचार्यांच्या ढोंगाचा हिशेब चुकता करायचा होता, स्वातंत्र्यानंतरच्या त्या सगळ्या व्रतस्थ वातावरणाला चिमटा काढायचा होता. तो त्यांनी झकास काढला. पण आपण त्या नाटकाकडून उतारवयाचं तत्त्वज्ञान मागतो, तेव्हा ही त्रुटी जाणवायला लागते.

पुलंनाच ती माहीत नव्हती असं नाही. पाच वर्षांनी, 1962 ला, 'व्यक्ती आणि वल्ली' आलं. त्यातला अंतू बर्वा काढा. रत्नागिरी, बायको गेलेली, मुलगा मुंबईला, घरात एकटा माणूस. याचा साधेपणा निवडलेला नाही, तो गळ्यात पडलेला आहे. गावात वीज येते आणि त्याला वाटतं, उजेडात बघायचं काय, आपलं दारिद्र्यच ना. काकाजींच्या तोंडी हे येणार नाही. अंतूशेटकडे एकच चैन आहे, जीभ. चारचौघांत बसावं आणि एकेक वाक्य असं सोडावं की समोरचा सपाट. पण त्या जिभेला ऐकणारे कान लागतात, बसायला जागा लागते, दुकानाची फळी लागते. ते गेलं तर अंतूशेट त्याच दिवशी संपला.

इथं एक तक्रार नोंदवून ठेवतो. पुलंच्या आवाजातलं अंतू बर्वाचं कथन आपण इतक्या वेळा ऐकलंय की तो आता विनोदी नग झालाय. हशा कुठे येणार हे पाठ असतं. छापील पान एकदा आवाज बंद करून वाचा, सावकाश. ध्वनिफितीत हशा येतो त्याच जागी पानावर अंगावर काटा येतो. हा लेख गरीब म्हाताऱ्याच्या एकटेपणावरचा आहे, आणि मराठीत त्या विषयावर याहून नेमकं लिहिलेलं फार थोडं आहे.

आता ज्यांच्यासाठी आम्ही खरं म्हणजे हे सगळं मांडतोय त्या व्यक्तीकडे येऊ. सुनीता देशपांडे. 'आहे मनोहर तरी' 1990 ला प्रसिद्ध झालं तेव्हा सुनीताबाई चौसष्टीच्या होत्या. पुस्तक आलं तेव्हा केवढा गदारोळ! 'पुलंसारख्या देवमाणसाबद्दल असं लिहावं का?' म्हणून लोक हळहळले, चिडले. आज तेच पुस्तक आपण उतारवयातल्या जगण्याचं पुस्तक म्हणून का वाचत नाही? कारण काकाजींच्या घराला जो प्रश्न आपण आत्ता विचारला, त्याचं उत्तर इथं आहे. काकाजी ज्यानं लिहिला, त्याचं घर कोण चालवत होतं? सुनीताबाई. गाडी चालवणं, हिशेब, पत्रव्यवहार, मुद्रितं तपासणं, प्रयोगांची व्यवस्था, आल्यागेल्याचं बघणं. पुलंच्या निरागस, मुलासारख्या आनंदी स्वभावाची किंमत कुणीतरी रोज मोजत होतं आणि त्या व्यक्तीनं साठी उलटल्यावर बसून ती लिहून काढली. कडवटपणा आहे का? जागोजागी आहे. स्वतःलाही सोडलेलं नाही. पण आम्हाला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं.

या बाईंना साधं जगणं कळत होतं, आणि ते आचार्यांचं नव्हतं. पैसा आला तो त्यांनी अंगाला लावून घेतला नाही, पु. ल. देशपांडे फाउंडेशनमधून तो बाहेर गेला, पुण्याच्या मुक्तांगणसारखी कामं त्यातून उभी राहायला मदत झाली. घरात डामडौल नाही. आणि आनंद कुठला? कवितेचा. शेकडो कविता तोंडपाठ. बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कवितांचे जाहीर वाचनाचे कार्यक्रम दोघांनी केले, ते बऱ्याच उशिरच्या वयात. विचार करा, पाठ केलेली कविता ही किती सोयीची चैन आहे! डोळ्यांना कमी दिसायला लागलं तरी ती जात नाही. वीज गेली तरी जात नाही. कुणी नोकर लागत नाही, आणि वारसदारांत वाटणीही होत नाही.

असाच दुसरा हिशेब दुर्गाबाई भागवतांचा. जन्म 1910 चा, तोही इंदूरचाच. काकाजींच्याच गावच्या म्हणा. लग्न केलं नाही. आणीबाणीत कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, पुढे तुरुंगवास, सरकारी मानसन्मानांना नकार, हे आपल्याला पाठ आहे. पण याच बाईंनी 'खमंग' नावाचं स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, हे सांगताना लोक जरा हसतात. जणू विदुषीला तो फावल्या वेळचा चाळा होता. आमचं मत उलटं आहे. 'ऋतुचक्र' लिहिणारी नजर आणि 'खमंग' लिहिणारी जीभ एकच आहे. कुठल्या महिन्यात झाडाला काय होतं हे बघणारा माणूस, कुठल्या महिन्यात पानात काय पडावं हेही बघणारच. एकट्या बाईच्या घरात स्वयंपाक ही सेवा उरत नाही, ती आवड होते. कावेरीबाईंना चहा कसा लागायचा ते आपल्याला माहीत नाही. दुर्गाबाईंना काय आवडायचं ते छापून ठेवलेलं आहे. हा फरक लहान समजू नका.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव नुसतं घेऊन पुढे जातो, नाहीतर आजचं व्याख्यान तिथंच अडकायचं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 चा, बाई साठीच्या पुढच्या, आणि स्वतःच्या हालांकडे बघून त्या जशा हसतात तसं हसायला आपल्या एकाही नाट्यमहर्षीला जमलेलं नाही.

तर आमचं म्हणणं थोडक्यात एवढंच की म्हातारपणाकडे बाहेरून बघणाऱ्यांनी आपल्याला रडायला शिकवलं, आणि आतून लिहिणाऱ्या बायकांना आपण 'आत्मचरित्र' नाहीतर 'पाककृती' अशा कप्प्यांत ठेवून दिलं.

आता हे सगळं मीरा-भाईंदरला येऊन का सांगायचं? इथं त्याचा काय संबंध? आहे, आणि चांगलाच आहे.

हे शहर पुष्कळसं एकाच वयाचं आहे. 1985 ला इथं नगरपरिषद झाली, 28 फेब्रुवारी 2002 ला महानगरपालिका. जनगणनेत 1991 ला पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती, 2001 ला पाच लाखांवर, 2011 ला आठ लाखांवर. ही माणसं आली कुठून? त्यातला मराठी भाग मोठ्या प्रमाणात गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या चाळींतून सरकत सरकत आला. 1982 चा गिरणी संप झाला, गिरणगाव उसवलं. इकडे मुलं मोठी झाली, दहा बाय बाराच्या खोलीत मावेनात. आणि वेस्टर्न लाईनवर परवडण्यासारखी जागा दहिसरच्या पलीकडे मिळत होती. तेव्हा तिशी-चाळिशीत आलेली ती जोडपी आज सत्तरीत आहेत. सगळी बरोबरच म्हातारी झाली. मिठागरं आणि खाडीच्या कडेला बांधलेल्या या इमारतींत तरुण संसाराची सोय बघितली होती, स्टेशन किती लांब, शाळा किती लांब. सत्तरीतल्या गुडघ्यांची कुणी बघितली नव्हती.

चाळीत अंतूशेटची फळी होती. गॅलरी होती. दार उघडं टाकून बसलं की दिवसभरात पंधरा माणसं बोलायची, त्यातली आठ भांडायची. इथं सातव्या मजल्यावर दार बंद असतं, आणि लिफ्ट बंद पडली की नाना-नानी दोन-दोन दिवस खाली उतरत नाहीत. शेजारी गुजराती, पलीकडे मारवाडी, वरच्या मजल्यावर जौनपूरचे. माणसं चांगली, सणाला ताट येतं-जातं, पण आपली तिरकस मराठी कुणावर सोडायची? जिभेची चैन भाषेवर चालते. या शहरातल्या मराठी म्हाताऱ्याची ही खास अडचण आहे, आणि तिच्यावर अजून कुणी नाटक लिहिलेलं नाही. कुणी लिहिणार असेल तर आम्ही बघायला येऊ.

म्हणून 'साधं जगा' हा उपदेश ऐकला की आमच्या कपाळाला आठी पडते. साधा आनंदसुद्धा कशाकशावर उभा असतो ते बघा. चालता येईल असा फुटपाथ. बसायला बाक, आणि त्या बाकाजवळ, स्पष्टच बोलतो, स्वच्छतागृह. साठी ओलांडलेली कितीतरी माणसं, विशेषतः बायका, लांब फिरायला का जात नाहीत याचं खरं कारण 'उत्साह नाही' हे नसतं, हे असतं. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी जाऊन बघा. खाडी, वारा, पलीकडे रेल्वेचा पूल, गाडी गेली की येणारा तो धडधडाट. फुकटातला आनंद. पण तिथवर पोचायचं कसं, रिक्षाला किती द्यायचे, रस्ता ओलांडताना दुचाकीवाला थांबतो का, यावर तो आनंद मिळतो की नाही ते ठरतं.

प्रवासाचंच घ्या. रेल्वेच्या लांबच्या गाड्यांत साठीच्या पुरुषाला 40 टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बाईला 50 टक्के सवलत होती. मार्च 2020 ला साथीचं निमित्त झालं, ती बंद झाली, आणि साथ ओसरल्यावरही परत सुरू झाली नाही. उलट एसटीनं ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत केला, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट. मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं. त्यावर शहरातली शहाणी माणसं म्हणाली, म्हातारी उगाच हिंडतात, काम ना धाम. अहो, काम नाही म्हणूनच हिंडतात! बहिणीकडे जातात, माहेरचं देऊळ बघतात, एखाद्या स्टँडवर वडा खातात. उगाच हिंडणं हीच ती चैन. काकाजी उगाच हिंडले की आपण टाळ्या देतो, आणि गावची आजी मोफत एसटीनं हिंडली की आपल्याला तिजोरीची काळजी वाटते.

2024 च्या फेब्रुवारीपासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली आहे. गाडी न घेता नुसतं पायी चढून पलीकडे जायचं, किल्ल्याच्या बाजूनं थोडं हिंडायचं आणि परत यायचं. चिमाजी अप्पांनी 1739 ला एवढा खटाटोप करून वसई घेतली, आपण निदान बोटीनं जाऊन येऊ. (हशा) आणि उत्तनची मासळी आहे. सकाळी कोळणीच्या टोपलीपुढे उभं राहून पाच रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस करणाऱ्या आजोबांना पाच रुपयांची गरज नसते. त्यांना ती दहा मिनिटं हवी असतात. कोळणीलाही ते कळतं, म्हणून ती पण भांडते. मुलगा मात्र म्हणतो, 'बाबा, ॲपवरून मागवा ना, कशाला त्रास.' त्यानं बिचाऱ्यानं प्रेमानंच म्हटलेलं असतं.

हा मुद्दा थोडा अवघड आहे, पण बोलायलाच हवा. साधेपणाचा आग्रह घरात बहुतेक वेळा कोण धरतं? मुलं धरतात. 'आता तुम्हाला काय लागतं?' या वाक्यात काळजी असते आणि कातरीही असते. बाबांना नवीन चष्म्याची फ्रेम हवी, आईला आणखी एक साडी हवी, पुण्याचं नाटक बघायला जायचंय, असं म्हटलं की घरात एक बारीक शांतता पसरते. तीच आई देवळात जाते म्हणाली तर कुणी काही म्हणत नाही. म्हणजे आपण म्हाताऱ्यांना आचार्य करून टाकतो, आणि काकाजींचं नाटक बघून टाळ्या वाजवतो. आणि आईनं आयुष्यभर साधं जगून झालेलंच असतं हो. चाळीस वर्षं सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लं, हे साधेपण नव्हे तर काय? तिला साठीनंतर पुन्हा तोच धडा द्यायचा? तिला खरं तर थोडी उधळपट्टी शिकवायला हवी.

व्याख्यान ऐकणं ही सुद्धा आपल्याकडची जुनी, जवळजवळ फुकटातली चैन आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 ला सुरू केली. तेव्हापासून मराठी माणूस उतारवयात सतरंजीवर बसून, आता खुर्चीवर बसून, दुसऱ्याचं ऐकून घेतो आणि घरी जाऊन नावं ठेवतो. ती तुम्ही आज जरूर ठेवा.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली : 'मग नटसम्राट बघायचं नाही का?' बघायचं. आपल्याकडे लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह झालंय, रात्रीच्या शेवटच्या गाडीची चिंता न करता बघता येईल. फक्त या वेळी अप्पासाहेबांच्या स्वगताला थोडा वेळ सोडा आणि बाजूला कावेरी काय करतेय तिकडे नजर ठेवा. चांगली नटी असेल तर ती काहीतरी करत असेल.

दुसरी चिठ्ठी : 'काकाजींचं घर कोण चालवतं हे नाटकात दाखवायला पुलंना जागा होती का?' प्रश्न छान आहे. संवादांत फारशी नव्हती. नाटकाचा तोल बिघडला असता. पण आज कुणी दिग्दर्शक ते नाटक पुन्हा बसवणार असेल तर एक सुचवतो. संहितेतला शब्द बदलू नये. दिवाणखान्याच्या मागे एक दार ठेवावं, ते पूर्ण वेळ उघडं असावं, आणि आत कुणीतरी काम करताना दिसत राहावं. काकाजी आणि आचार्य पुढे वाद घालोत. मागे भांड्यांचा आवाज येऊ द्यावा, आणि तिसऱ्या अंकात कधीतरी त्या आतल्या माणसानं हात पुसून, दाराशी येऊन, स्वतःसाठी कपभर चहा घेऊन दोन मिनिटं बसावं.